ओठ न मिटता सांगितलेलं रामायण

प, फ, ब, भ आणि म ही पाच अक्षरं वर्ज्य करून घरच्या माणसांना हाक मारून पाहा. आईला मारता येते. आजी, काका, काकी, ताई, दादा यांनाही येते. बाबांना मात्र बोलावता येत नाही. मामा-मामी दोघंही गेले, मावशी गेली, आजोबा तिसऱ्या अक्षराला अडखळून राहिले. आता नियम आणखी आवळू. उ-ऊ म्हणताना ओठांचा चंबू होतो, ओ-औ म्हणतानाही ते गोल होतात, आणि 'व' म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांना टेकतो. हेही नको म्हटलं की वहिनी जाते, आणि भाऊ तर दोन्ही अक्षरांनी बाद होतो. जे वर्ण उरतात त्यांतच कविता करायची. अशा रचनेला निरोष्ठ म्हणतात.

नात्यागोत्यातल्या आणि मित्रमंडळींच्या आमच्या फोनवरच्या गटात दर महिन्याला अशी एखादी अट पडते. कुणी सांगलीत, कुणी बंगळूरुत, कुणी मस्कतला. जो जिथे असेल तिथून कविता पाठवतो. बक्षीस काही नाही. जिंकेल त्याने पुढच्या महिन्याची अट घालायची, एवढाच मान. निरोष्ठाची अट पडली तेव्हा आलेल्या या दोन ओळी:

ढगांच्या आड गेला चंद्र हसत,
अंगणी एकटी जाई राहिली जागत.

छंद जरा सैल आहे, हे कबूल. पण ओठांमध्ये काडेपेटीची काडी उभी धरून ओळी म्हणून पाहा, काडी कुठेही टोचत नाही. आणि ती 'एकटी जाई' पाहा. कवयित्रीला अंगणात एखादं फूल हवं होतं. 'फूल' हा शब्दच बाद. मोगरा, गुलाब, चाफा, बकुळ, शेवंती, झेंडू, जास्वंद, केवडा, सगळी बाग एका नियमाने उजाड झाली. जुईसुद्धा उकारापायी गेली. जाई-जुईच्या जोडीतली जाई तेवढी उरली, म्हणून ती एकटी. कवितेत जो एकटेपणा आला तो आधी ठरवून आणलेला नव्हता, अटीनेच तो आणून दिला. या खेळाचं मला पडलेलं कोडं हेच आहे. कवीला काय म्हणायचं आहे हे त्याला स्वतःला ठाऊक नसतं तेव्हा नियम ते त्याच्याकडून वदवून घेतो.

बारामतीच्या मोरोपंतांनी (१७२९ ते १७९४) एकशे आठ रामायणं रचली असं परंपरा सांगते. त्यांतलं एक निरोष्ठ रामायण. जरा थांबून विचार करा. रामायण सांगायचं, आणि 'म' वर्ज्य! नायकाचं नावच घेता येत नाही. लक्ष्मण, भरत, हनुमान, बिभीषण, कुंभकर्ण, मंदोदरी, कुणाचंच येत नाही. सीता आहे, दशरथ आहे, जानकी आहे. पण ज्याच्यासाठी सगळा खटाटोप, तोच अनुल्लेखाने वावरणार. बाकीच्या रामायणांतही पंतांनी स्वतःला असेच पेच घालून घेतले. दामरामायणात एका पद्याची अखेरची अक्षरं पुढच्या पद्याच्या आरंभी येतात, अंताक्षरीच्या साखळीसारखी. मंत्ररामायणात 'श्रीराम जय राम जय जय राम' या तेरा अक्षरी मंत्राची अक्षरं ओवलेली आहेत. पंडिती काव्याला कोरडं म्हणून नाकं मुरडायची आपल्याकडे रीतच पडून गेली आहे. पण तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची आणि प्रत्येक वेळी नव्या दारातून आत शिरायचं, हा उद्योग करणाऱ्या माणसाला भाषेचं वेड किती असेल!

ओठांचा हा खेळ पंतांच्याही हजारेक वर्षं आधीचा. दंडीच्या 'दशकुमारचरिता'त मंत्रगुप्त नावाचा राजपुत्र आपली हकिकत सांगतो ती सबंध ओष्ठ्य अक्षरांवाचून, गद्यात. कारण कथेतच दिलं आहे. प्रेयसीने चुंबनात त्याचे ओठ इतके दुखावले आहेत, की ते मिटवत नाहीत. शास्त्रातला नियम गोष्टीच्या पोटात असा जिरवून टाकणं हे मला कसरतीहून मोठं वाटतं. वाचणाऱ्याला अट दिसते, पण पात्राला ती दुखते.

अटींची अशी स्पर्धा हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे असं कुणी म्हणालं तर त्याला कामसूत्रातली चौसष्ट कलांची यादी दाखवावी. गायन, वादन, नृत्य, पाककृती यांच्या पंगतीत तिथे प्रहेलिका म्हणजे कोडी आहेत, प्रतिमाला म्हणजे आपली अंताक्षरी आहे, दुर्वाचकयोग म्हणजे जीभ अडखळवणारी वाक्यं आहेत, आणि काव्यसमस्यापूरणही आहे. सुसंस्कृत माणसाला हे यायलाच हवं, असा तो आग्रह.

समस्यापूर्ती म्हणजे श्लोकाचा शेवटचा चरण आधी मिळतो आणि उरलेले तीन आपण जुळवायचे. देणारा मुद्दाम काहीतरी अशक्य देतो. भोजराजा आणि कालिदास यांच्या नावावरची एक दंतकथा प्रसिद्ध आहे. (दोघांमध्ये काही शतकांचं अंतर, पण दंतकथेला तिथीचं बंधन नसतं.) राजाने जो चरण दिला त्यात 'ठ'शिवाय अक्षरच नव्हतं. ठ, ठं आणि शेवटी ठः. याचा अर्थ काय लावणार? कालिदासाने उरलेल्या चरणांत सांगितलं, की राजाच्या अभिषेकाच्या वेळी एका तरुणीच्या हातून सोन्याची घागर निसटली आणि जिन्याच्या पायऱ्यांवरून आवाज करत खाली गेली. निरर्थक अक्षरांना अर्थ द्यायचा प्रयत्नच त्याने केला नाही. त्याने त्यांना आवाज केलं. शेवटचा 'ठः' म्हणजे घागर जमिनीवर येऊन थांबली. उत्तर ऐकलं की वाटतं, दुसरं काही असूच शकत नाही.

आमच्या गटात पडलेली समस्या इतकी बिकट नव्हती: 'अवसेलाही चंद्र उगवला'. चंद्र म्हटला की निम्मे लोक भाकरीकडे वळतात, आणि ती वाट नारायण सुर्व्यांनी इतकी ठळक करून ठेवली आहे की तिथे नवी पावलं उमटत नाहीत. एका मावशींनी अवसेच्या रात्री बाळंतिणीच्या खोलीतून ऐकू आलेलं पहिलं रडणं लिहिलं. चांगलं होतं. पण बाजी मारली ती या चार ओळींनी:

वीज गेली, अंधार झाला,
मेणबत्ती न मिळे कुणाला,
नानांनीच टोपी काढली,
अवसेलाही चंद्र उगवला!

हसून झालं की मात्रा मोजा. प्रत्येक ओळीत सोळा. ह्रस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन. आणि ह्रस्वापुढे जोडाक्षराचा आघात असेल तर तेही दोनाचं, म्हणून 'मेणबत्ती'तला 'ब' इथे जड. आता यात काय विशेष? विशेष असं, की सोळा मात्रांची ओळ लघु-गुरूंच्या किती निरनिराळ्या मांडण्यांनी बांधता येईल, हा प्रश्न आपल्या छंदशास्त्रींना पडला होता आणि त्यांनी तो सोडवलाही होता. युक्ती साधी आहे. ओळीचं शेवटचं अक्षर एक तर लघु असेल, म्हणजे त्याआधी पंधरा मात्रा. नाहीतर गुरू, म्हणजे त्याआधी चौदा. म्हणून सोळाच्या मांडण्या म्हणजे पंधराच्या अधिक चौदाच्या. एका मात्रेची एक मांडणी, दोनच्या दोन, तीनच्या तीन, चारच्या पाच, पाचच्या आठ, सहाच्या तेरा, असं चढत गेलं की सोळाला १५९७ येतात. ही संख्यामाला जग फिबोनाचीच्या नावाने ओळखतं. त्याचं पुस्तक १२०२ सालचं. गुजरातेत हेमचंद्राने ती त्याआधी सांगितली होती, आणि विरहांकाने त्याच्याही आधी. दोघांनाही त्या संख्या कवितेच्या ओळीत सापडल्या. नानांच्या टोपीची ओळ त्या १५९७ घरांपैकी एका घरात बसली आहे.

गणवृत्तांकडे गेलं तर याहून मोठी मौज हाती लागते. शाळेत 'यमाताराजभानसलगा' पाठ केलेलं आठवतं ना? लघु आणि गुरू यांची तीन-तीन अक्षरांची जुळणी आठ प्रकारांनी होते, तेच आठ गण. आठ गण वेगवेगळे लिहायचे तर चोवीस अक्षरं लागतील. या सूत्रात आहेत फक्त दहा. पहिली तीन अक्षरं घ्या, 'यमाता': लघु, गुरू, गुरू. हा य-गण. एक अक्षर पुढे सरका, 'मातारा': तीन गुरू, म-गण. पुन्हा एक, 'ताराज', त-गण. असं सरकत 'सलगा'पर्यंत गेलात की आठही गण एकेकदाच येऊन जातात, एकही सुटत नाही आणि एकही दोनदा येत नाही. प्रत्येक गण आपल्या नावाच्याच अक्षरापासून सुरू होतो, ही वरची मेजवानी. अशा मांडणीचा गणिती विचार निकोलास डी ब्रुइन या डच गणितज्ञाने १९४६ मध्ये मांडला आणि आज ती त्याच्या नावाने ओळखली जाते. आपल्या मास्तरांनी ती आपल्याकडून छडीच्या धाकाने पाठ करून घेतली आणि आपण परीक्षेनंतर विसरून गेलो.

मात्रांवरून भांडणं मात्र होतात, आणि ती व्हावीत. 'तुझ्या'तला 'तु' लघु की गुरू? नियमावर बोट ठेवणारा म्हणेल, पुढे जोडाक्षर आहे, गुरू. म्हणून पाहणारा म्हणेल, आघात कुठे आहे? 'तुझ्या' म्हणताना 'तु'वर जोर पडत नाही, मग तो लघुच. मराठीत दुसऱ्याचं खरं, कान शेवटचा न्यायाधीश. हे मी ठामपणे म्हणतो आणि तरीही दर वेळी कुणीतरी रात्री अकराला आवाजी संदेश पाठवून मला खोटं ठरवू पाहतं.

समस्यापूर्तीची चुलत बहीण उर्दूत आहे आणि ती मराठीतही नांदते. तरही मुशायऱ्यात एक ओळ आधी दिली जाते, 'मिसरा-ए-तरह'. सगळ्यांनी त्याच जमिनीत गझल लिहायची: तेच वृत्त, तोच काफिया म्हणजे यमक, आणि यमकामागून येणारा तोच रदीफ. दिलेल्या ओळीला स्वतःची ओळ जोडून शेर पुरा करणं म्हणजे गिरह बांधणं. माधव जूलियनांनी 'गज्जलांजली'तून गझल मराठीत रुजवायला घेतली, आणि पुढे सुरेश भटांनी 'गझलेची बाराखडी' या पुस्तिकेतून नवशिक्यांना काफिया, रदीफ, अलामत यांची घडण समजावली. तरहीची खरी मजा ऐकणाऱ्याला. रदीफ सगळ्यांना ठाऊक, काफियेही मर्यादित. पाचवा कवी उभा राहिला की पुढचा काफिया कोणता येणार हे सभेला आधीच कळतं. श्रोते मनातल्या मनात ओळ पुरी करत असतात आणि कवी त्यांना फसवण्याच्या खटपटीत असतो. जिथे सगळे मोकळे विषय घेऊन येतात त्या कविसंमेलनात हा थरार नाही.

पण अटींच्या या जगातलं गौरीशंकर पाहायचं असेल तर अवधान पाहावं. तेलुगू, कन्नड आणि संस्कृत या भाषांत ही परंपरा आजही जिवंत आहे. अष्टावधानात मंचावर एक अवधानी आणि त्याच्यासमोर आठ पृच्छक. अवधानीकडे कागद नाही, पेन नाही. एक पृच्छक समस्या देतो. दुसरा दत्तपदी, म्हणजे एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले चार शब्द देऊन सांगतो, हे चार चरणांत चार वापर आणि वर्णन द्रौपदीच्या स्वयंवराचं कर. तिसरा वर्णनाचा विषय आणि वृत्त सांगतो. चौथा निषिद्धाक्षरीवाला, आणि तो सगळ्यांत निष्ठुर.

निषिद्धाक्षरीत अवधानी एक अक्षर म्हणतो की पृच्छक पुढचं संभाव्य अक्षर बंद करतो. समजा विषय गणपतीचा आहे. अवधानी म्हणाला 'ग'. पृच्छकाला 'गणेश' येताना दिसतो, तो म्हणतो, 'ण' नाही. अवधानी म्हणतो 'जा'. 'गजानन' समोर उभा आहे, पृच्छक म्हणतो, 'न' नाही. अवधानी शांतपणे म्हणतो 'स्य'. गजास्य! आस्य म्हणजे मुख, अर्थ तोच राहिला, वाट बदलली. असं अक्षराक्षराला अडवलं जात असताना वृत्त सांभाळायचं, व्याकरण सांभाळायचं आणि शेवटी अर्थही निघायला हवा. हे बुद्धिबळ आहे असं वाटतं, पण इथे समोरचा आपल्या सोंगट्या हलवत नाही, तुमच्याच पटावरची घरं काढून घेतो.

आणि हे सगळं एकामागून एक चालत नाही. पहिल्या फेरीत अवधानी प्रत्येकाला फक्त पहिला चरण देतो आणि पुढच्याकडे वळतो. दुसऱ्या फेरीत दुसरा. मधला चरण डोक्यात अर्धवट लटकत ठेवून दुसऱ्याच वृत्तात, दुसऱ्याच विषयात शिरायचं. दरम्यान कुणीतरी अधूनमधून घंटा वाजवत असतं. ती एकूण किती वेळा वाजली तेही शेवटी सांगायचं. शिवाय एक अप्रस्तुतप्रसंगी बसलेला असतो. त्याचं काम भलत्या वेळी भलतं विचारून लक्ष उडवणं. अवधानी द्रौपदीच्या चरणाशी झुंजत असताना हा विचारणार, गणपतीच्या उंदराला साखरेचा त्रास झाला तर मोदक कुणी खायचे? त्याला उत्तर द्यायचं, तेही सभा हसेल असं. चार फेऱ्या झाल्या की धारणा: सगळी पद्यं पहिल्यापासून अखेरपर्यंत, एका दमात, स्मरणातून.

शतावधानात पृच्छक शंभर असतात. तेलुगूत तिरुपती वेंकट कवुलु या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जोडीने, म्हणजे दिवाकर्ल तिरुपती शास्त्री आणि चेळ्ळपिळ्ळ वेंकट शास्त्री यांनी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून गावोगावी अवधानं करून ही कला लोकांपर्यंत नेली. बंगळूरुचे शतावधानी आर. गणेश यांनी कन्नड आणि संस्कृतात हजाराहून अधिक अष्टावधानं केली आहेत. आपल्याकडे याच रक्ताची नाती शोधायची तर कलगी-तुऱ्याच्या भेदिक लावणीत, कोकणातल्या शक्ती-तुऱ्याच्या सामन्यांत, सिंधुदुर्गातल्या भजनांच्या डबलबारीत शोधावी लागतात. तिथेही प्रश्न समोरून येतो आणि उत्तर तिथल्या तिथे, चालीत, टाळ वाजत असताना द्यावं लागतं.

अवधानातली दत्तपदी आम्ही उचलली आहे, कारण ती घरी बसून खेळता येते आणि शब्द जितके विजोड तितकी कविता चढत जाते. खरं तर लग्नात नाव घ्यायला लावतो ती दत्तपदीच. नवरीला एक शब्द दिलेला असतो, नवऱ्याचं नाव, आणि तो यमकात बसवल्याशिवाय तिला उंबरा ओलांडू देत नाहीत. निषिद्धाक्षरी मात्र आम्हाला झेपलेली नाही. व्हिडिओ कॉलवर एकदा करून पाहिली तेव्हा आवाज उशिरा पोचत असल्याने निषेध येईपर्यंत कवी दोन अक्षरं पुढे गेलेला असे आणि नंतर कुणी काय आधी म्हटलं यावरच सभा रंगली.

परीक्षणाचा प्रश्न याहून नाजूक. मित्रमंडळींत कविता वाचली की माणूस आधी नाव पाहतो. काकांची आहे, मग वाहवा केलीच पाहिजे. सुनेची आहे, मग जपून. यावरचा उतारा जपानी लोकांनी काढून ठेवला आहे आणि तो मला फार आवडतो. हायकू लिहिणाऱ्यांच्या बैठकीला कुकाई म्हणतात. प्रत्येक जण आपले हायकू चिठ्ठ्यांवर लिहितो, नाव न घालता. चिठ्ठ्या एकत्र करून पिसतात आणि पुन्हा वाटतात. आता प्रत्येकाने आपल्या वाट्याला आलेल्या चिठ्ठ्यांवरचे हायकू एका कागदावर स्वतःच्या हाताने उतरवून काढायचे, म्हणजे मूळ अक्षरावरूनही कवी ओळखू येऊ नये. मग हे कागद हातोहात फिरतात. प्रत्येक जण आपले सोडून इतरांचे ठरावीक हायकू निवडतो. निवडलेले मोठ्याने वाचले जातात, आणि आपला हायकू वाचला गेला की तेवढ्यात कवी पहिल्यांदा आपलं नाव उच्चारतो. मासाओका शिकी (१८६७ ते १९०२) क्षयाने अंथरुणाला खिळले होते तेव्हाही टोकियोतल्या त्यांच्या छोट्या घरात कुकाई भरत असे. तिथे गुरूचा हायकू कुणीच न निवडण्याचीही सोय आहे, हे लक्षात घ्या. आपल्याकडे ती सोय कुठल्या मैफलीत आहे?

नक्कल करून काढण्याचे ते सगळे कष्ट फोनने फुकटात वाचवले. छापील अक्षराला हस्ताक्षर नसतं. कविता एकाकडे पाठवायच्या, त्याने नावं काढून क्रमांक घालून सगळ्यांपुढे ठेवायच्या, प्रत्येकाने दोन निवडायच्या आणि का निवडल्या ते एका वाक्यात लिहायचं. हे एक वाक्य सक्तीचं करावं. गुणांपेक्षा त्याचीच वाट माणसं जास्त पाहतात. आणि अट असली की परीक्षकाचं निम्मं काम आपोआप होतं. 'प' आला की नाही हे पाहायला रसिकता लागत नाही, डोळे पुरतात. उरलेल्या निम्म्यावर मनसोक्त वाद घालता येतो.

शब्दखेळांत उलटसुलटाचा एक महिना असतोच. देवनागरीत उलटं वाचणं अक्षरागणिक होतं; मात्रा आपापल्या व्यंजनाला चिकटून राहते, आणि म्हणून 'तो कवी डालडा विकतो' हे सगळ्यांचं लाडकं वाक्य दोन्हीकडून सारखं निघतं, वेलांटीच्या ह्रस्व-दीर्घाकडे जरा कानाडोळा केला तर. एवढ्यावर आपण खूष. गोदाकाठच्या पार्थपुराचा सूर्यकवी, ज्योतिषी ज्ञानराजाचा मुलगा, सोळाव्या शतकात याच्या कितीतरी पुढे गेला होता. त्याच्या 'रामकृष्णविलोमकाव्या'तला श्लोक सरळ वाचला तर रामाची कथा निघते आणि शेवटाकडून वाचला तर कृष्णाची. हे वाचताना टीकेचा आधार लागतो, अर्थ काही ठिकाणी ओढूनताणून येतो, हे खरं. पण दोन अवतार एकाच अक्षररांगेत पाठीला पाठ लावून उभे आहेत, ही कल्पना ज्या डोक्यात आली त्या डोक्यापुढे मी मान तुकवतो.

फ्रेंचांनी १९६० मध्ये अशा उद्योगांसाठी एक मंडळच काढलं, उलिपो. रेमों केनो हा लेखक आणि फ्रांस्वा ल लियोने हा गणिताचा चाहता, या दोघांनी. केनोने १९६१ मध्ये चौदा ओळींची दहा सुनीतं अशी लिहिली, की कुठल्याही सुनीताची कुठलीही ओळ त्याच जागच्या दुसऱ्या ओळीच्या बदली बसावी. पानं ओळीओळीत कापलेली. हवी ती पट्टी उलटा, नवं सुनीत तयार. एकूण किती? एकावर चौदा शून्यं. याच मंडळातल्या जॉर्ज पेरेकने १९६९ मध्ये तीनेकशे पानांची कादंबरी 'e' हे अक्षर एकदाही न वापरता लिहिली. फ्रेंचमध्ये सगळ्यांत जास्त येणारं अक्षर ते.

मराठीत याला तोडीस तोड अट कोणती, यावर आमच्यात बरंच मंथन झालं. व्यंजनं वगळून फारसं अडत नाही, निरोष्ठाने ते दाखवलंच होतं. शेवटी ठरलं: 'आ' वर्ज्य. अक्षरही नको आणि काना असलेलं दुसरं कुठलं अक्षरही नको.

सुरुवातीला सोपं वाटतं. 'ती उठली. खिडकी उघडली. ऊन घरभर पसरले.' बसलं की! मग तिच्या नवऱ्याबद्दल लिहायला जा. 'तो उठला'. गेलं. 'तो बसला', 'तो हसला', 'तो घरी परतला', सगळी क्रियापदं कान्यावर संपतात. मुलगी येते, मुलगा येत नाही. घोडी येते, घोडा नाही. बायका खुशाल उठल्या-बसल्या असं लिहायला गेलो तर तेही बाद; एकेकटीनेच उठावं-बसावं लागतं. 'ला' आणि 'चा' हे प्रत्यय गेले म्हणजे पुरुषाला काही देता येत नाही आणि त्याचं काही असूही शकत नाही. 'आहे' गेलं, 'होता' गेला, 'नाही' म्हणायचीही सोय नाही. तो वर्तमानकाळात जगू शकतो, 'तो हसतो', 'तो येतो' चालतं. भूतकाळ मात्र बाईचा किंवा नपुंसकलिंगी वस्तूंचा. एका स्वराची बंदी घातली आणि मराठीतला पुरुष इतिहासातून पुसला गेला! व्याकरणाच्या पुस्तकात लिंगविचाराचं प्रकरण कितीदा वाचलं असेल, पण आपल्या भाषेत पुल्लिंग एका कान्याला टांगलेलं आहे हे तोपर्यंत असं लख्ख दिसलं नव्हतं.

हाताशी येणारी फट आहे ती आदरार्थी बहुवचनाची. 'ते उठले', 'ते बसले', 'ते परतले' यांत काना नाही. म्हणजे पुरुष उठला-बसला असं सांगायचंच असेल तर त्याला अहो-जाहो करणं भाग आहे. हे ज्याने पहिल्यांदा हेरलं त्यानेच तो महिना जिंकला, आणि रीतीप्रमाणे पुढची अट त्याने घातली: 'आ' अजूनही वर्ज्य, ओळी चार, विषय 'दादा'. रात्री पहिली कविता आली, सख्ख्या धाकट्या बहिणीकडून, जिने त्याला जन्मात कधी अरे-तुरेखेरीज हाक मारलेली नाही. तिची सुरुवात होती, 'थोरले बंधू घरी परतले'.